जोडव्यांचा टाक

माझ्या आईच्या उजव्या पायातल्या जोडव्याला एक घळ पडली होती. ती अंबाडीच्या दोऱ्या वळायची, आणि वळताना दोरीचं टोक पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे धरायची. दोरी जोडव्यावर घासायची. घासून घासून तिथली चांदी झिजली होती, बोट फिरवलं की कळायचं. आई गेल्यावर माझ्याकडे तिचं तेवढंच उरलं. तिचा फोटो नव्हता. आमच्याकडे फोटो काढलाच तर घरच्या कर्त्या पुरुषाचा काढायचे, बाईचा कशाला?

आमचं गाव राळेगावकडचं, कापसाचं. आई गेली त्याच हिवाळ्यात शाळेत मास्तरांनी सांगितलं की आपण आता मध्यप्रदेशात नाही, मुंबई राज्यात आलो. आम्ही तर जागचे हललोही नव्हतो. मला त्यातून एवढंच समजलं की मोठी माणसं कुणालाही न विचारता कुठूनही उचलून कुठंही ठेवू शकतात. हे पुढं फार कामी आलं.

आई पोटाच्या दुखण्यानं गेली. वाळे, पाटल्या, गळ्यातली सरी, सगळं तिच्या दुखण्यातच गेलं होतं. जोडवी तेवढी राहिली, कारण नवरा जिवंत असलेल्या बाईच्या पायातून जोडवी काढत नाहीत. ती गेल्यावर आत्यानं काढली. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. आईला आंघोळ घालताना मी ओरडत होते, तर आत्यानं ती ओली जोडवी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "घे. धर तुह्या मायचे. आता आवाज बंद."

मी आवाज बंद केला. जोडवी एका चिंधीत बांधून परकराच्या नेफ्यात खोचली. शाळेत, शेतात, झोपेत ती माझ्या कमरेला असायची. घळवालं जोडवं मी अंगठ्यात घालून बघायचे. सैल व्हायचं, पण तीच तर मजा होती. त्यात माझ्या अंगठ्याशेजारी तिचं बोटही मावतं असं मला वाटायचं.

वर्ष सरायच्या आत वडिलांचं दुसरं लग्न ठरलं. आणि टाकाची गोष्ट निघाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्यात बिजवराला मुलगी दिली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती, बोटाच्या पेराएवढी. मेलेली सवत नव्या बायकोला छळते, तेव्हा तिला आधीच गळ्यात बसवून मान द्यायचा. जेवताना पहिला घास टाकाला दाखवायचा. कुंकू आधी टाकाला. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायचं आणि मग आपण नेसायचं. लोक याला मान म्हणायचे. मी याला भीती म्हणते, आणि तीही बाईच्याच गळ्यात बांधलेली. ज्यानं दोन्ही लग्नं केली तो मोकळ्या गळ्यानं हिंडायचा.

आत्यानं माझ्यापुढं हात केला. "काढ ते जोडवे."

"नाई देत."

"नाई देत म्हणजे? टाकाले चांदी तिच्याच आंगची पाह्यजे. बजारची चालत नाई. बजारच्या चांदीत तुही माय येत नाई, वळखतच नाई. मंग नव्या बाईच्या जिवाले काही झालं तं कोण निस्तरन?"

मी नेफा दोन्ही हातांनी धरून कोठीच्या मागं जाऊन बसले. आत्यानं ओढायला सुरुवात केली तेव्हा वडील मधे आले. माझे वडील फार कमी बोलायचे. आईच्या दुखण्यातही ते बोलले नव्हते, दारात उभे राहायचे नि जायचे. त्या दिवशी ते माझ्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दे, बाई. घरातच राह्यन ते. तुले रोज पाह्यले भेटन."

त्या शब्दांना मी भुलले. घरातच राहील, रोज बघायला मिळेल. मी एकच अट घातली, की सोनाराकडे मीही येणार.

बैलबंडीत बसल्यापासून राळेगाव येईपर्यंत मी त्या घळीवर बोट घासत राहिले. सोनाराचं दुकान म्हणजे त्याच्या घराची ओसरी होती. समोर शेगडी, बाजूला ऐरण. त्यानं जोडवी मुशीत टाकली आणि फुंकणीनं निखारा फुलवला. जोडवी आधी लाल झाली, मग कडांना ढिली पडली, मग एकाएकी त्यांचं पाणी झालं. घळ कधी जाते ते पाहायला मी डोळे ताणून बसले होते, तरी मला कळलं नाही. अजूनही मला त्याचा राग येतो. एवढं समोर बसून कळलं नाही.

त्यानं ती चांदी ओतून, ठोकून तिचा पत्रा केला. मग फडक्यातून एक जुना पितळी ठसा काढला. त्यात एक बाई कोरलेली होती. लुगड्याच्या चार रेघा, अंगाला चिकटलेले हात, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, आणि नाक नाहीच. ठशावर पत्रा ठेवला, त्यावर शिशाचा तुकडा ठेवला आणि हातोडी उचलली.

"माही माय अशी नव्हती," मी म्हणाले.

त्याची हातोडी तशीच वर राहिली. "मंग कशी होती?"

तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. मी तोंड उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. सगळी आई डोळ्यांपुढं होती, तिच्यातली एकही गोष्ट शब्दात येईना. शेवटी मी म्हणाले, "उंच होती."

सोनार हसला. "उंच तं टाकात मावत नाई, पोरी. साऱ्यायच्या माया याच ठशातून निंगतात." आणि त्यानं हातोडी मारली. येताना टाक वडिलांच्या खिशात होता. मी पूर्ण वाट त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल.

नवी बाई आली ती झरी जामणीकडच्या जंगलपट्टीतली. घरात बहिणी पुष्कळ, म्हणून ही बिजवराच्या वाट्याला आलेली. सतरा-अठरा वर्षांची असेल. मांडवात मंगळसूत्राच्या आधी आत्यानं तिच्या गळ्यात काळ्या गोफातला टाक बांधला आणि टाकाला हात जोडून म्हणाली, "बाई, सांभाळून घेजो इले." मुलीनं मान खाली घालून छातीवर बघितलं.

मला तिला मावशी म्हणायला सांगितलं. मी काहीच म्हणत नव्हते. मी तिच्याशी बोलतच नव्हते, मी बोलायचे टाकाशी. मावशी चुलीपुढं बसली असली की तिच्यासमोर जाऊन, तिच्या तोंडाकडे न बघता, गळ्याकडे बघून म्हणायचे, "माय, मले भूक लागली." मावशी भाकर वाढायची. "माय, इले सांग, माही वेणी एवढी घट्ट नोको घालू." दुसऱ्या दिवशी वेणी सैल असायची. मावशी यातल्या कशालाही तोंडानं उत्तर द्यायची नाही. तिला वाटत असावं, दोघींच्या बोलण्यात आपण कशाला पडा. पण एकदा मी टाचा उंचावून बोलत होते, तर ती हातातलं काम सोडून खाली वाकली. टाक माझ्या तोंडासमोर आला. तिनं डोळे मिटून घेतले होते, जणू आमचं खासगी काही तिला बघायचं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्यावर राग धरणं मला जड जायला लागलं. मी नेटानं धरून ठेवला, ती गोष्ट वेगळी.

दिवाळीनंतर आमच्या मागच्या खोलीत कापूस भरायचे, आढ्यापर्यंत. दुपारी सगळे शेतात गेले की मावशी त्या कापसात जाऊन बसायची. मी तिच्यामागं जायचे, अर्थात टाकामागं. एका दुपारी तिनं मानेमागं हात नेला, गोफाची गाठ सोडली आणि टाक काढून माझ्यापुढं धरला.

मी घाबरले. टाक काढत नाहीत. आंघोळीलाही नाही.

"धर," ती म्हणाली. "तुही माय लय जड हाये व. वजनानं नाई. मी हासलो का आयकते, मी जेवलो का पाह्यते. थोडा वेळ तू घे तिले. मले जरा एकटीले बसू दे."

मी टाक मुठीत घेतला. तिच्या अंगानं तो ऊन झाला होता. मावशीनं पदरातून गुळाचा खडा काढला आणि कुणालाही न दाखवता, सरळ तोंडात टाकला. मग ती हसली. त्या घरात तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गळ्याभोवती गोफ घासून तिला लालभडक वळ उठले होते. त्यांना ती पदरानं वारा घालत होती.

त्यानंतर हे आमचं रोजचं झालं. ती तासभर मोकळी, मला तासभर आई. टाकावर मी बोट फिरवायचे, घळ शोधायचे. ती कुठं सापडणार? पण चांदी तीच आहे, तेव्हा घळही कुठंतरी आत असणार, असा माझा हिशोब होता. एकदा मी हे मोठ्यानं म्हणाले. मावशीनं टाक माझ्याकडून घेऊन स्वतः चाचपून पाहिला. बराच वेळ चाचपला. मग म्हणाली, "तुह्या लग्नात हे मी तुले देऊन टाकीन. आत्याबाईले काय बोलायचं ते बोलू दे. तुही चीज हाये, तुह्यापाशीच पाह्यजे."

इतकी वर्षं झाली, मला काही देऊन टाकीन असं मनापासून म्हणणारी माणसं मी मोजकीच पाहिली. त्या दिवसापासून मी त्या शब्दावर जगत होते. लग्न कुणाशी, कुठं, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. लग्न झालं की टाक मिळणार होता.

मावशीला दिवस गेले. सातव्या महिन्यात, त्याच कापसाच्या खोलीत, दुपारी तिच्या पोटात कळ आली. टाक माझ्या हातात होता. ती कापसात आडवी झाली आणि म्हणाली, "पळ, आत्याबाईले बोलाव." मी शेतापर्यंत धावत गेले. आत्यानं माझं बोलणं ऐकायच्या आधी माझी मूठ पाहिली. मुठीतून काळा गोफ लोंबत होता.

लेकरू मेलेलंच जन्मलं. मुलगी होती म्हणतात, मला दाखवली नाही.

सगळ्या गावानं ठरवून टाकलं की टाक काढला म्हणून हे झालं. पहिलीनं डाव साधला. शेजारणी येऊन मावशीच्या खाटेपाशी बसायच्या आणि तिच्यादेखत हेच बोलायच्या. मला कुणी मारलं नाही, कारण माझ्या हातात माझी आई होती, आणि तिला सगळे भीत होते. मी तेव्हाही हे मानलं नाही आणि आजही मानत नाही. भरल्या पोटाच्या बाईला विहिरीवरून पाण्याचे गुंड-हंडे वाहायला लावणाऱ्या घरात लेकरू का मेलं, हे सांगायला टाक लागत नाही. माझ्या आईचं नाव तर त्यात घेऊच नये. ती कुणाच्या लेकराच्या वाटेला जाणारी बाई नव्हती. पण दहा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं? आणि मावशीनं मानलं. तेच वाईट झालं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि मी गळ्याकडे बघून "माय" म्हणाले की दचकायची.

मग आत्यानं सोनाराला घरी बोलावलं. काळा गोफ जाऊन चांदीच्या तारेची सर आली, डोक्यातून निघणार नाही एवढी आखूड. मावशीला अंगणात पाटावर बसवलं. मानेभोवती ओलं फडकं गुंडाळलं. सोनारानं सरीची दोन टोकं तिच्या मानेमागं एकत्र आणली आणि फुंकणीनं दिव्याची ज्योत त्यावर धरून, डाख देऊन ती कायमची सांधली. बैलाच्या नाकात वेसण घालताना असतात तशी माणसं भोवती उभी होती. "हालू नोको, बाई, हालू नोको," सोनार म्हणत होता. ती हलली नाही. फडकं वाळलं असावं, कारण एकदम कातडी जळाल्याचा वास आला, आणि तरी ती हलली नाही. वडील गोठ्यात बैलाला पेंढी टाकत होते. पेंढी टाकून झाली होती तरी ते तिथंच होते.

"आता मेली तरी निंगत नाई," आत्या म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसत होतं. एवढंच म्हणते की तिलाही कुणी कधी मोकळं सोडलं नव्हतं, आणि मोकळं म्हणजे काय हे तिला ठाऊक नसावं.

मला रडू आलं ते मावशीसाठी नाही. खरं सांगायचं तर टाक आता हातात मिळणार नाही म्हणून मी रडले. मावशीनं ते ओळखलं. मानेवर तुपाचं बोट फिरवत ती म्हणाली, "काहून रडते? आता ते इकडे येत नाई. तू इकडे ये."

तेव्हापासून दुपारी मी तिच्या कुशीत जायचे. टाक मुठीत धरायचा तर दुसरा इलाजच नव्हता. तिच्या हनुवटीखाली डोकं घालायचं, मूठ तिच्या छातीवर ठेवायची आणि पडून राहायचं. तिच्या अंगाला राखेचा आणि सरकीच्या तेलाचा वास यायचा. माझ्या मुठीखाली तिचं काळीज वाजायचं. सुरवातीला मी ते टाकाचंच समजायचे. पुढं माझी मूठ आपोआप उघडी पडायला लागली आणि मी तशीच झोपून जायचे, ते माझ्या कधी लक्षातही आलं नाही. मानेमागं तिला मसुरीच्या दाण्याएवढा डाग राहिला होता. तिची वेणी घालताना मी तो पदराआड करायचे.

अशी काही वर्षं गेली. साठ साली महाराष्ट्र झाला, शाळेत गोळ्या वाटल्या, मी माझ्यातली अर्धी मावशीला आणून दिली. ती तिनं आधी टाकाला दाखवली. पुन्हा एकटीनं गुळाचा खडा खाल्लेला मी तिला कधी पाहिलं नाही.

मग तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी सगळं निभावलं आणि मुलगा झाला, धडधाकट. आत्या गावभर सांगत फिरली, पाहा, डाख दिला म्हणून. आत्याचं खरं ठरलं म्हणून मला त्या मुलाचा आधी रागच आला. पण आठवडाही झाला नसेल, मावशीला ताप भरला. बाळंतपणातला तो ताप घरात सगळ्यांना माहीत होता आणि त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. वडील यवतमाळला डॉक्टर आणायला गेले. त्या काळी यवतमाळ गाठणं म्हणजे दिवस जायचा.

ते परतायच्या आधीची सकाळ मला आठवते. खोलीत दारातून ऊन आलं होतं. मावशीचा चेहरा तापानं फुलला होता आणि डोळे नको तितके चमकत होते. तिनं मला जवळ बोलावलं, तशी मी वाकले.

"तिले सांग," ती म्हणाली.

"कोणाले?"

तिनं गळ्याकडे हात नेला. "मी तिचं काही घेतलं नाई, म्हणा. घर तिचंच होतं. तू तिचीच होती. मी नुसती राह्यलो."

मला टाकाशी बोलून किती दिवस झाले होते कोण जाणे. ते खूळ केव्हाच सुटलं होतं. आता मी मोठी झाले होते, मला लाज वाटली. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी टाक बोटांत धरला आणि म्हणाले, "माय, इनं तुह्यं काही घेतलं नाई."

"काय म्हणते?" तिनं विचारलं.

"मले मालूम हाये म्हणते."

तिनं मान हलवली, जशी माणसं बाजारातला निरोप ऐकून हलवतात, आणि डोळे मिटले. वडील डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या.

आंघोळ घालताना मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. सर निघेना. आत्यानं सांडशी आणायला सांगितली. मी मावशीच्या मानेवर दोन्ही हात ठेवून बसले, आणि माझे हात उचलायला कुणी तयार होईना. तेवढ्यात दारातून वडील म्हणाले, "जाऊ द्या तसंच." आत्या पुटपुटली, चांदी कुठं जळते, तिसऱ्या दिवशी सापडन. तशीच नेली तिला. दोघी एकत्र गेल्या.

तिसऱ्या दिवशी सापडली. राख सावडायला गेलेल्या पुरुषांनी एक काळा गोळा आणला. टाक आणि सर वितळून एक झालं होतं, बोराएवढं, एका बाजूला चपटं. आत्यानं ते दुधानं धुतलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवलं. राखेचं मडकं अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं.

त्याच दुपारी ओसरीवर बोलणं सुरू झालं. लेकराले कोणीतरी पाह्यजे. घर उघडं कसं टाकायचं. एका गावात एक मुलगी आहे. वडील पायाच्या अंगठ्यानं माती उकरत ऐकत होते. आत्या म्हणाली, "चांदी तं हायेच घरात. दोघीचं एकातच होऊन जाईन."

मी आत लेकराला चमच्यानं बकरीचं दूध पाजत होते. दोघींचं एकातच. मला ती ओसरी दिसली, तो पितळी ठसा, दोन टिंबांचे डोळे. मला एक गळा दिसला, अजून मी न पाहिलेल्या कुणाचा तरी, आणि त्यावर ओलं फडकं.

संध्याकाळी लेकरू निजल्यावर मी देवळीतून गोळा घेतला. हा माझा होता. लग्नात मिळणार होता तो आताच मिळाला होता. मी त्यावर बोट फिरवलं आणि, माझ्यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, चपट्या बाजूला एक घळ होती. राखेत पडताना एखाद्या काडीवर टेकला असेल. मला कळत होतं की ती आईची नाही. पण बोट तिथून निघेना. तो मी लपवू शकले असते. नेफा होताच की. पण घरात असता तर तो कधीतरी सापडला असता, आणि सापडला असता तर त्याचा टाक झाला असता.

सकाळी वडिलांनी मडकं उतरवून ओट्यावर ठेवलं. वर्धा नदीवर न्यायचं होतं. तोंडाला बांधायला ते फडकं फाडत होते. मी त्यांच्यासमोर गेले, मूठ मडक्यात घातली आणि राखेत खोल नेऊन उघडली. उघडायला मला फार वेळ लागला. बोटं ऐकत नव्हती. काळीज फाटतं म्हणतात ते मला त्या ओट्यावर कळलं, सकाळच्या उन्हात, हात कोपरापर्यंत राखेनं भरलेला असताना.

वडिलांनी सगळं पाहिलं. त्यांनी माझा हात धोतराच्या सोग्यानं पुसला. मग मडक्याचं तोंड बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि बंडीत बसले. आत्यानं तो अख्खा दिवस घर धुंडाळलं, उंदरांना शिव्या दिल्या. मी काही बोलले नाही आणि वडीलही कधी बोलले नाहीत.

एवढं करून काय झालं? काही नाही. वडिलांनी लग्न केलंच. मावशीची जोडवी तिच्या माहेरी परत गेली होती, म्हणून आत्यानं बाजारची चांदी आणवली. जी चालत नव्हती, जिला मेलेली ओळखत नव्हती, ती आता खुशाल चालली. त्याच सोनारानं त्याच ठशातून टाक काढले, एक नाही, दोन. नवी बाई उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आली तेव्हा तिच्या गळ्यात काळ्या गोफात दोन बाया शेजारी शेजारी होत्या. चार रेघा, चिकटलेले हात, नाक नाही. केसाचाही फरक नव्हता. एवढंच बरं होतं की गोफ सुटणारा होता.

काही दिवसांनी ती ओसरीवर माझ्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तो टाकांशी खेळत होता, एकावर एक आपटून वाजवत होता, आणि ती भीतभीत त्याचा हात सोडवत होती. मी जवळ तांदूळ निवडत होते. तिनं मला हळूच विचारलं, "बाई, मले कोणी सांगतलं नाई. यातली याची माय कोणती, अन् तुही कोणती?"

मी सूप खाली ठेवलं. जवळ जाऊन दोन्ही टाक तळहातावर घेतले. नवे होते, गुळगुळीत होते. त्यात कुणीही नव्हतं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती बिचारी उत्तराची वाट बघत होती, आणि तिला आधी कुणाला घास दाखवायचा ते ठरवायचं होतं.

"याची एक हाये," मी म्हणाले. "माह्या दोन्ही."